बाबागाडी सरळ जाते

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात, आणि अख्खं गाव त्यांना बाबागाडी म्हणतं. मागे नाही, तोंडावर म्हणतं. ते रागावत नाहीत. "बाबागाडीतून पडलेलं पोर कुणी पाहिलंय का?" एवढंच विचारतात आणि आरशावर फडकं मारत राहतात.

नाव पडलं ते त्यांच्या चालवण्यावरून. अ‍ॅम्ब्युलन्सवर येण्याआधी काकांनी अर्धं आयुष्य काच वाहिली. खिडक्यांच्या काचा कापणाऱ्या कारखान्याचा टेम्पो त्यांच्या ताब्यात होता. मागे माणसाएवढ्या काचा उभ्या लावलेल्या, मध्ये फक्त गोणपाट. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना नातेवाइकासारखा ठाऊक होता. कुणाला टाळायचं आणि कुणाला नुसतं विचारून पुढे जायचं, हे सगळं पाठ. त्या नोकरीत त्यांच्या हातून एकच काच फुटली, तीही टेम्पोतून उतरवल्यावर, गिऱ्हाइकाचा सासरा तिला टेकून उभा राहिला म्हणून. ही गोष्ट ते अजून सांगतात आणि दर वेळी तो सासरा थोडा जाड झालेला असतो.

कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाच्या हॉस्पिटलला ड्रायव्हर हवा होता. मुलाखतीत विचारलं, मागे पेशंट असेल तर गाडी कशी चालवाल? काका म्हणाले, "मागे काच आहे असं समजून." लगेच लागले.

तेव्हापासून त्यांच्या गाडीत डॅशबोर्डवर चहाचा स्टीलचा पेला असतो, काठोकाठ भरलेला, आणि तो सांडत नाही. सायरन ते शक्यतो लावत नाहीत. त्यांच्या मते सायरन म्हणजे आरडाओरडा, आणि आजारी माणसाच्या उशाशी कुणी आरडाओरडा करतं का? काकू म्हणतात, "लग्न झाल्यावर हे मला टेम्पोत पुढे बसवून घरी घेऊन आले. वाटेत दोन सायकलवाल्यांनी आम्हाला मागे टाकलं. त्यातला एक तर परत येताना पुन्हा भेटला."

पण काकांची खरी करामत हॉस्पिटलच्या फाटकाशी दिसायची. फाटकावर त्यांचे साडू, काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गाडी कोपऱ्यावर आली की नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून साडू उठायचे आणि दोन्ही झापा सताड उघडायचे. काका न थांबता आत वळायचे, एका दमात गाडी उलटी फिरवायचे आणि कॅज्युअल्टीच्या पायरीला मागचा भाग असा लावायचे की मध्ये बरोबर एक वीत राहावी. मग साडू वाकून, अंगठा पायरीला आणि करंगळी गाडीला टेकवून मोजायचे आणि म्हणायचे, "भरली." त्यानंतरच पेशंट खाली उतरायचा. कळांनी विव्हळणारी माणसंसुद्धा हे सगळं निमूट बघायची. माझी मुलगी जन्माला यायची होती तेव्हा मीही बघितलंय. दातओठ आवळून होते, पण वीत भरल्यावर मलाच बरं वाटलं.

मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण घरात आणि गल्लीत ती भिंगरी. आठ वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. आम्ही हे घर घेतलं ते हॉस्पिटल गल्लीत आहे म्हणूनच. उन्हाकडे पाठ, स्वयंपाकघरात एकच जण मावेल एवढी जागा, वरच्या मजल्यावर कुणीतरी सतत फर्निचर ओढतंय; पण खिडकीतून कॅज्युअल्टीचा लाल दिवा दिसायचा. इतर बायका झोपण्याआधी दाराची कडी बघतात, मी तो दिवा बघायचे.

आणि एक दिवस बातमी आली की तो दिवा काढणार.

सभा शाळेत ठेवली होती. लहान मुलांच्या बाकांवर गावातली मोठी माणसं, गुडघे हनुवटीला लावून बसली होती. बोलायला एक डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा डोक्यावर, काखेत गुंडाळलेला भलाथोरला नकाशा. तो फळ्यावर टांगताना दोनदा खाली पडला, त्यामुळे त्या नकाशावाल्याच झाल्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आसपासच्या तीन गावांत तीन हॉस्पिटलं आणि तिन्हींत कॅज्युअल्टी. "तीन दारं आहेत," त्या म्हणाल्या, "आणि तिन्ही दारांमागे मिळून डॉक्टर एका दाराला पुरतील एवढेच. भूल देणारे एका गावात, ऑपरेशन करणारे दुसऱ्या गावात, मुलांचे डॉक्टर फक्त गुरुवारी. माणूस जवळच्या दाराशी येतो, तिथे हवा तो डॉक्टर नसतो, मग पुन्हा गाडीत घालून दुसरीकडे. या पळापळीत आपली माणसं गेलीत. नावं सांगणार नाही, पण मला पाठ आहेत."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. तिन्ही गावांची तातडीची सगळी कामं आता हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात, तिथे सगळे डॉक्टर दिवसरात्र. आपल्या हॉस्पिटलात तपासणी, एक्स-रे, मलमपट्टी, रक्त तपासायचं, इंजेक्शनं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आता नवी यंत्रं आणि एक अनुभवी सिस्टर, म्हणजे उपचार गाडीतच सुरू.

"गाडी कोण चालवणार?" मागून केस कापणाऱ्या दादांनी विचारलं.

"आहेत तेच ड्रायव्हर."

"म्हणजे बाबागाडी पण? मग पेशंट वाटेत बरा होऊन खाली उतरेल आणि गाडीच्या आधी चालत पोचेल."

सगळं सभागृह हसलं. काका शेवटच्या बाकावर होते. म्हणाले, "उतरताना दार तेवढं नीट लावायला सांगा."

मग मी उठले. मला विचारायचं ते मी घरून ठरवूनच आले होते. पुलावर गर्दी झाली तर? टायर पंक्चर झाला तर? दोन माणसं एकाच वेळी आजारी पडली तर? गाडीतला ऑक्सिजन संपला तर? सिस्टरच आजारी पडल्या तर? माझे हे बाजूला बसून बाकाच्या फटीत नख घालत होते, म्हणजे त्यांना खाली बसा असं सांगायचं होतं. नकाशावाल्या बाईंनी सगळ्याला उत्तर दिलं आणि मी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात म्हणाल्या, "आम्हाला रस्त्याची चाचणी घ्यायची आहे. खोटा पेशंट हवाय. तक्रार करणारा असला तर उत्तमच. तुम्ही याल?"

गावात अजून मला काही जण खोटा पेशंट म्हणतात.

चाचणी शनिवारी सकाळी होती. मला आमच्या इमारतीच्या दारातून स्ट्रेचरवर आडवं करून पट्ट्यांनी बांधलं. सिस्टर जुन्या कॅज्युअल्टीतल्याच. कॅज्युअल्टी उठली तशा त्याही गाडीत आल्या. आडव्या बांध्याच्या, आणि आवाज असा की ताप घाबरून उतरावा. त्यांनी माझ्या छातीवर एक कागद चिकटवला: छातीत दुखणे, वय साठ.

"साठ? मी चाळिशीचीसुद्धा नाही."

"ताई, तुम्ही सिरियस आहात. वाद घालू नका."

"मग निदान पन्नास तरी करा."

"काका, चला," सिस्टर म्हणाल्या. पुढून आवाज आला, "हो सिस्टर." काकांची ही सवयच आहे. कुणीही काहीही सांगितलं की ते आधी हो म्हणतात.

गाडी निघाली. बाहेरचं दिसत नव्हतं, काचा दुधी होत्या. रस्ता ठरलेला होता: गल्लीतून बाहेर, जुन्या हॉस्पिटलच्या फाटकावरून सरळ, मग पूल, मग हायवे. नकाशावाल्या बाई मोठ्या हॉस्पिटलच्या दारात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. मी डोळे मिटून छातीत दुखण्याचा अभ्यास करत होते. गाडी इतकी अलगद वळली की वळल्याचं कळलंच नाही. मग ती थोडी मागे गेली आणि थांबली.

"आलोसुद्धा?" मी म्हटलं. मला कौतुकच वाटलं.

मागचं दार उघडलं. समोर साडू, वाकलेले, पायरी आणि गाडीच्या मध्ये हात घालून.

"भरली," ते म्हणाले.

मग सिस्टर म्हणाल्या, "काय भरली? आपली शंभरी?"

काका खाली उतरले, मागे आले, पायरीकडे बघितलं, साडूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू झोपेत चालत कुणाच्या तरी घरात शिरले आहेत.

"तू फाटक कशाला उघडलंस?"

"तुम्ही वळलात म्हणून."

"मी वळलो ते तू उघडलंस म्हणून."

"मी आवाज ऐकला आणि उठलो. उठल्यावर उघडणार नाही तर काय करणार?"

"बसून राहायचं."

"आणि तुम्ही काय करायचं? सरळ जायचं की नाही?"

दोघांचा आवाज चढला तसे तपासणीच्या रांगेतले लोक बाहेर येऊन बघायला लागले. मी बांधलेलीच होते. एका म्हाताऱ्या आजींनी माझ्या छातीवरचा कागद वाचला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "वय नाही दिसत हो." तेवढ्यात सिस्टरांचा फोन वाजला. "पोचलो," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुठेतरी पोचलो."

नकाशावाल्या बाई दुपारी स्वतः आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. "ही चूक हातांची आहे, मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण आत जो पेशंट असेल त्याला कुणाची चूक आहे याने काय फरक पडतो?" मग ठरलं ते असं: महिन्याच्या शेवटच्या सोमवारी काकांची पुन्हा चाचणी. तोवर त्यांनी बऱ्या झालेल्या पेशंटना मोठ्या हॉस्पिटलातून घरी सोडायचं, बाकी काही नाही. चाचणीत पुन्हा वळले तर अ‍ॅम्ब्युलन्स सोडायची आणि तिन्ही हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला नेणारी गाडी घ्यायची.

"चादरी फुटत नाहीत, एवढं तरी बरं," काकू म्हणाल्या. काका हसले नाहीत. मला ते न हसताना पहिल्यांदा दिसले. संध्याकाळी जिन्यात भेटले तर म्हणाले, "ताई, सरळ जायचं हे डोक्याला कळतं हो. हातांना कुणी सांगायचं?"

हातांना सांगायचं काम काकूंनी अंगावर घेतलं.

रोज सकाळ-संध्याकाळ दोघं स्कूटरवर निघायचे. काकू मागे, मांडीवर भाजीची पिशवी. फाटक जवळ आलं आणि हॅण्डल तसूभर जरी कलंडलं की काकू पाठीत चिमटा काढायच्या. मग पुढे पुलापर्यंत जाऊन परत. बाजारात चर्चा सुरू झाली की या वयात दोघं फिरायला जातात, किती छान. भाजीवाल्या मावशींनी काकूंना विचारलं, "काय हो, एकदम नव्याने?" काकू म्हणाल्या, "काय सांगू, पाठ काळीनिळी झालीय त्यांची." त्यावर मावशी काय समजल्या देव जाणे, पण त्यानंतर काकांना कोथिंबीर फुकट मिळायला लागली.

साडूंनाही शिकवावं लागलं. इंजिन ऐकलं की त्यांचे पाय आपोआप उठायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. खुर्ची फिरवून ठेवली आणि गाडी आली की भिंतीकडे तोंड करायचं. भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर होतं. "त्यातलं बाळ आता मला ओळखायला लागलंय," ते म्हणायचे. "परवा तर हसलं."

स्कूटर सुधारली. दोन आठवड्यांत ती एखाद्या शहाण्या पोरासारखी फाटकाकडे न बघता जायला लागली. पण स्कूटर वेगळी आणि अ‍ॅम्ब्युलन्स वेगळी. चाचणीच्या आदल्या आठवड्यात काका रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन निघाले होते, मनात कसलाच विचार नव्हता, आणि गाडी वळलीच. साडू भिंतीकडे तोंड करून बसलेले, त्यामुळे फाटक बंद. बंपर फाटकाला लागला आणि लोखंडी झापेला पोचा पडला. आवाज मोठा झाला. साडूंनी तरीही मागे वळून बघितलं नाही. शब्दाचे पक्के. फक्त म्हणाले, "कोण आहे?"

"चादरीवाला," काका म्हणाले आणि गाडी मागे घेतली.

हे सगळं काकूंनी मला सांगितलं तेव्हा मी हसले, आणि नंतर घरी येऊन खिडकीशी गेले. खिडकीतला लाल दिवा एव्हाना काढून नेला होता. हॉस्पिटलच्या भिंतीवर त्याच्या जागी चार भोकं होती. मी झोपण्याआधी ती भोकं बघायला लागले.

चाचणी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी भिंगरीला दम लागला.

तिचे बाबा कामासाठी बाहेरगावी होते. सुरुवातीला मी नेहमीसारखं केलं. पंप दिला, टेकून बसवलं, पंखा बंद केला. पुन्हा पंप दिला. एरवी ती पंप ओढून झाल्यावर जीभ काढून दाखवते, आज काढली नाही. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता आणि ती माझ्याकडे बघत होती, बोलत नव्हती. भिंगरी बोलत नाही म्हणजे काय, ते आमच्या इमारतीत कुणालाही विचारा.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला. तिकडचा माणूस शांत होता. म्हणाला, हायवेवर बस उलटली आहे, दोन्ही गाड्या तिकडे गेल्यात, थांबा, तुमच्या जवळ एक गाडी आहे, ती पाठवतो. मी खिडकीत गेले. सायरनची वाट बघत होते. सायरन आला नाही. इमारतीखाली, काका जेवायला येतात तेव्हा लावतात तिथेच, पांढरी गाडी उभी होती आणि जिन्यावरून सिस्टरांचे पाय धपधप वाजत वर येत होते.

बरे झालेले पेशंट सोडायला ठेवलेली ती गाडी बघून दुसरी मागायला मी पुन्हा फोन उचलला, हे खोटं कशाला सांगू? मी स्वतः तिच्यात आडवी होऊन चुकीच्या दारात पोचले होते.

सिस्टरांनी तिथेच मास्क लावला. काकांनी भिंगरीला उचललं. छातीशी उभी धरली, एक हात पाठीला, एक गुडघ्यांखाली, आणि दोन जिने असे उतरले की तिची वेणीसुद्धा हलली नाही. मी मागून अनवाणी.

गाडीत मी बाजूच्या बाकावर बसले. मागची आणि पुढची बाजू यांच्यामध्ये एक छोटी खिडकी आहे, त्यातून रस्ता दिसत होता. गल्ली संपली. कोपरा आला. आणि समोर फाटक दिसलं, झापेवरचा तो पोचा, तो ओळखीचा गंज, आत ती पायरी. माझी मुलगी जिथे जन्मली ती इमारत. एवढी जवळ की मी उडी मारून पोचले असते.

"काका, आत घ्या," मी म्हटलं.

"हो ताई."

"आत घ्या, काका. इथेच. आत कुणीतरी असेल."

"हो ताई, हो."

फाटकाशी साडू उभे होते. त्यांनी गाडी बघितली, आत मला बघितलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

गाडी सरळ गेली.

मी त्या छोट्या खिडकीवर हात मारला. काका पुन्हा "हो ताई" म्हणाले, अगदी मी दुधाची पिशवी आणायला सांगते तेव्हा म्हणतात तसंच. आणि मग त्यांनी सायरन लावला. बाबागाडीला एवढा वेग आहे हे मला तेव्हा कळलं. पूल आला आणि गेला. समोरच्या गाड्या बाजूला होत होत्या आणि आपण एखाद्या पाटावर बसून सरकतोय असं वाटत होतं. सिस्टरांनी चालत्या गाडीत भिंगरीच्या हातात सुई घातली आणि ती पहिल्याच वेळी शिरेत गेली. एका हाताने फोन धरून त्या पलीकडे सांगत होत्या: वय, वजन, ओठांचा रंग, काय दिलंय, किती दिलंय.

"काका..." मी पुन्हा सुरू केलं.

"त्यांना हाका मारू नका," सिस्टर म्हणाल्या. "पोरीला मारा. तुमचा आवाज तिला हवाय, त्यांना नकोय."

मग मी भिंगरीशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. नंतर तिने सांगितलं, की मी वाटभर तिला भांडी कुठल्या कपाटात कुठली ठेवायची ते सांगत होते.

मोठ्या हॉस्पिटलच्या दारात मुलांचे डॉक्टर उभे होते, आणखी दोघं त्यांच्यामागे, यंत्र तयार. रविवार होता, गुरुवार नव्हता. दार उघडलं, भिंगरी आत गेली, मी मागे गेले. मध्ये कितीतरी वेळ गेला. मग पडद्याआडून पहिल्यांदा तिचा आवाज आला. ती कुणाला तरी विचारत होती की हा मास्क घरी न्यायला मिळतो का.

मी तिथेच जमिनीवर बसले.

बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. काका अजून गाडीतच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी बंद होती. सिस्टर खिडकीशी उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो, सोडा आता."

"सोडलं तर वळेल असं वाटतं हो," काका म्हणाले.

काकू दोन बस बदलून डबा घेऊन आल्या आणि आल्या आल्या बसच्या नावाने बोलायला लागल्या. ते खरंच आहे. तिथे माणूस ठेवायचा म्हणजे घरच्यांची अर्धी ताकद बसथांब्यावरच जाते, आणि त्याचं उत्तर नकाशावाल्या बाईंकडेही अजून नाही; मी विचारून बघितलंय, दोनदा. त्या तेवढ्यात आल्याच. बसच्या अपघातातली माणसं बघायला थांबल्या होत्या. चष्मा डोक्यावरच होता आणि त्या तो पर्समध्ये शोधत होत्या.

काका गाडीतून उतरून उभे राहिले. "उद्या सकाळी किती वाजता येऊ, बाई? चाचणीला?"

"कसली चाचणी?" त्या म्हणाल्या. मग त्यांना चष्मा सापडला. तो लावून त्यांनी काकांकडे नीट बघितलं. "झाली की."

काकांनी मान हलवली आणि आरशावर फडकं मारायला लागले. आरसा स्वच्छ होता.

"काका, मी फार ओरडले," मी म्हटलं.

"ओरडलात? मला वाटलं रस्ता सांगताय."

"मग तुम्ही 'हो' कशाला म्हणत होतात?"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही वाद घातला असता, आणि तेवढा वेळ नव्हता. घरी इतकी वर्षं असंच चाललंय, ताई. हो म्हणायचं आणि सरळ जायचं."

"असं का?" काकू म्हणाल्या. हातातला डबा त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवला. "बरं झालं, आज कळलं."

भिंगरीला बुधवारी सोडलं. बऱ्या झालेल्या पेशंटना घरी सोडायला कोण येतं ते माहीतच होतं. ती पुढे, काकांच्या शेजारी बसायचा हट्ट धरून बसली. सिस्टर नको म्हणाल्या, मग ती मागूनच त्या छोट्या खिडकीत नाक घालून उभी राहिली आणि सिस्टरांनी तिला फ्रॉकच्या पट्ट्याला धरून ठेवलं. पेल्यातल्या चहावर तिचं बारीक लक्ष होतं. पुलावर सांडेल अशी तिची आशा होती. सांडला नाही.

गाव आलं. फाटक दिसलं. काकांनी वेग कमी केला आणि मान न वळवता विचारलं, "ताई, आता घेऊ आत?"

"घ्या!" भिंगरीच ओरडली.

आवाज ऐकून साडू भिंतीकडे वळलेलेच होते. काकांनी जन्मात न वाजवलेला हॉर्न वाजवला तेव्हा ते दचकून फिरले आणि धावत सुटले. पोचा पडलेली झाप आता घासते, तिला खांदा लावावा लागतो. गाडी आत वळली, एका दमात उलटी झाली आणि पायरीशी थांबली. दारावर आता नवी पाटी आहे: मलमपट्टी व रक्ततपासणी. पाटीखाली एक मांजर झोपलं होतं, त्याने एक डोळा उघडला.

"रविवारी मी तुमच्याकडे पाठ केली," साडू मला म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "वाईट वाटलं असेल. पण आत कोण होतं सांगू? मी आणि हे मांजर. मी फाटक छान उघडतो, ताई, पण पुढे काय?"

मी त्यांना बरंच काही म्हणणार होते. तेवढ्यात ते मोजायला खाली वाकले, आणि भिंगरी त्यांच्या हाताखालून आत घुसली. तिने अंगठा पायरीला टेकवला, करंगळी ताणली, आणखी ताणली, जीभ बाहेर काढून ताणली. गाडीला बोट लागेना.

"भरत नाही," ती म्हणाली. "काका, तुम्ही चुकलात."

"तुझी वीत लहान आहे."

"गाडी लांब आहे."

काका आले, वाकले, डोळे बारीक करून बघितलं. मग पुन्हा गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि गाडी बोटभर मागे घेतली. पेला जागचा हलला नाही. भिंगरीने पुन्हा हात लावला.

"भरली," ती म्हणाली, आणि आम्ही उतरलो.

आता ती आतल्या खोलीत झोपली आहे. हे लिहिताना मी तीनचार वेळा उठून तिच्या नाकाशी बोट धरून आले. खिडकीतून दिसणाऱ्या त्या चार भोकांपैकी दोन कुणीतरी बुजवली आहेत. खाली, काका गाडी लावतात तिथे, ती नीट उभी आहे, तोंड रस्त्याकडे करून. हल्ली झोपण्याआधी मी ते बघते.